एकाच पुठ्ठ्यातल्या दोन रहस्यकथा

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला, रविवारी सकाळी साडेअकरा वाजता, आमच्या वाचनालयाने अलिबागच्या सुलभाताई आंबर्डेकर यांना त्यांच्या घरी जाऊन बारा हजार रुपयांचा धनादेश दिला. हजर तिघं होतो. स्वतः सुलभाताई, आमचे अध्यक्ष ठाकूर सर आणि मी, ग्रंथपाल सुनंदा म्हात्रे. सुलभाताईंचे वडील कै. गोविंद आंबर्डेकर यांच्या दोन जुन्या रहस्यकथा एकत्र करून आम्ही पुन्हा छापणार होतो. त्या परवानगीचं हे मानधन. एका कादंबरीचे सहा हजार, दोन्हींचे बारा.

संमतिपत्र त्यांनी दोनदा वाचलं. सही करायच्या आधी विचारलं, "याचे दोन वेगळे चेक देता येतील का?"

मी म्हटलं, "ताई, एकच सोपा पडतो. चेकबुकात चारच पानं राहिलीत."

"बरं," म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. चहा झाला, आम्ही साडेबाराच्या एसटीने परत आलो. त्या प्रश्नाकडे मी लक्ष दिलं नाही. सत्तावीस वर्षं नोंदी ठेवणाऱ्या बाईने द्यायला हवं होतं.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीच्या पलीकडे. वाचनालय दोन खोल्यांचं. पुस्तकं नऊ हजार चारशे बारा, सभासद एकशे शहाऐंशी, त्यांतले रोज येणारे वीस-बावीस, आणि त्यांतले निम्मे पेपर वाचून जाणारे. लोकांना वाटतं ग्रंथपाल दिवसभर वाचत बसतो. ग्रंथपाल दिवसभर नोंदवत बसतो. पुस्तक आलं की त्याला दाखल नंबर मिळतो. तो नंबर, नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत हे सगळं एका जाड वहीत चढतं. तिला दाखल नोंदवही म्हणतात. पुस्तक हरवलं, कुजलं तरी नंबर मरत नाही. ते रीतसर बाद केल्याचा ठराव होईपर्यंत ते आमच्या डोक्यावर असतं. त्यामुळे नोंदवहीत जे लिहिलं ते खरं, असं मानायची सवय लागते. माझी गोष्ट या सवयीचीच आहे.

रहस्यकथांचं कपाट आमच्याकडे एकेकाळी सगळ्यात जास्त उघडलं जाई. पातळ पुस्तकं, शंभर-सव्वाशे पानांची, वर रंगीत चित्र. मी नोकरीला लागले तेव्हाही त्यांना मागणी होती. एक निवृत्त पोस्टमास्तर होते, ते प्रत्येक रहस्यकथेच्या पाचव्या पानावर खुनी कोण ते शिसपेन्सिलीने लिहून ठेवायचे. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाई, मी लोकांचा वेळ वाचवतो." त्यांच्या हाताला पुस्तक लागण्याआधी ते इतरांना मिळावं म्हणून मी नवीन रहस्यकथा दोन महिने टेबलाच्या खणात ठेवायची. अशी पंचेचाळीस पुस्तकं मी वाचवली. बाकीची खोडरबराने.

आणखी एक रीत आमच्या वाचकांत होती. एकाच तोंडवळ्याची पुस्तकं, नावंही सारखी. घरी नेऊन तीस पानं वाचल्यावर कळायचं की हे वाचलेलं आहे. म्हणून प्रत्येक वाचक एकविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात स्वतःची खूण करायचा. कोणाचं टिंब, कोणाचा त्रिकोण, एका मावशीचा छोटा मासा. पुस्तक न्यायच्या आधी एकविसावं पान उघडायचं, आपली खूण दिसली की परत ठेवायचं. एकवीसच का, हे मला कोणी सांगू शकलं नाही. वाचनालयाच्या मालमत्तेवर रेघोट्या म्हणून मी सुरुवातीला ओरडायची. मग सोडून दिलं.

तीन वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयाकडून पत्र आलं की जीर्ण पुस्तकं बाद करा. यादी करायला मी रहस्यकथांच्या कपाटापासून सुरुवात केली. दाखल नंबर २११४ हातात आला. पाठीवर कापडाची पट्टी, तिच्यावर नाव 'जांभळ्या शाईचं पत्र', लेखक गोविंद आंबर्डेकर. आत दोन कादंबऱ्या. पहिल्या कादंबरीच्या एकविसाव्या पानावर सात खुणा होत्या. दुसरीचं पहिलं पान नव्हतं, गोष्ट थेट तिसऱ्या पानावर सुरू होत होती. तिच्या एकविसाव्या पानावर खुणा मोजल्या. अडतीस. कोपरा पुरला नव्हता, लोक समासात वर चढत गेले होते.

पाठीवर एका पुस्तकाचं नाव आणि लोक नेतात दुसऱ्यासाठी, असं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी ते पुस्तक स्वतःच्या नावावर घरी नेलं.

दोन पुस्तकं एकत्र कशी, तेही सांगते. पातळ पुस्तकं देवघेवीत टिकत नाहीत. म्हणून ती रेवदंड्याच्या कासमभाई बाइंडरकडे जायची. एका पुस्तकाची बांधणी परवडत नसे, म्हणून एका मापाची दोन-दोन, तीन-तीन पुस्तकं तो एका पुठ्ठ्यात बांधायचा. फाटकी वेष्टनं आणि सुटलेली पानं तो काढून टाकायचा, असं आम्ही समजत होतो. वर पहिल्या पुस्तकाचं नाव.

दुसरी कादंबरी म्हणजे 'शेवटची तर'. नाव आतल्या पानांच्या माथ्यावर छापलेलं होतं. तर म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. पूल व्हायच्या आधी तीच होती. तरीवर तिकीट फाडणारा एक साधा कारकून आहे. षष्ठीच्या रात्री एक खून होतो, आणि एक प्रतिष्ठित माणूस सांगतो की मी साडेदहाच्या तरीने आलो, थेट धक्क्याच्या पायरीवर उतरलो. पोलीस ते मान्य करतात. कारकून विचारात पडतो, कारण त्या माणसाचे बूट स्वच्छ आहेत. पुढचं सांगत नाही, पोस्टमास्तर व्हायचं नाही मला. मी ती कादंबरी दोन बैठकांत वाचली आणि कामावर जायला अर्धा तास उशीर झाला. तसं आधी एकदाच झालं होतं, मुलीच्या जन्माच्या दिवशी.

ठाकूर सरांनी वाचली, आमच्या वाचकमंडळाने वाचली. मुंबईच्या दोन मोठ्या ग्रंथालयांना पत्रं टाकली. पहिल्या कादंबरीची प्रत त्यांच्याकडे होती, 'शेवटची तर' कोणाकडेच नव्हती. एका प्राध्यापकांना झेरॉक्स पाठवली. त्यांनी चार पानी उत्तर लिहिलं. पहिली कादंबरी बेताची, पण दुसरी पाहून आपल्याला आश्चर्य वाटलं, असं पुस्तक इतकी वर्षं कोणाच्या नजरेस कसं पडलं नाही, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा वाचनालयाच्या वर्धापनदिनाला, पाच जानेवारीला, दोन्ही छापायचं ठरलं. एका देणगीदाराने एक्केचाळीस हजार दिले. तीनशे प्रती.

लेखक वारल्यावर साठ वर्षं पुस्तकाचा हक्क वारसांकडे असतो. मी नोंदवही काढली. २११४, 'जांभळ्या शाईचं पत्र', गोविंद आंबर्डेकर. २११५, 'शेवटची तर', लेखकाच्या रकान्यात 'सदर'. म्हणजे वरचाच. आंबर्डेकर दादरचे, त्यांची एकुलती मुलगी अलिबागला नर्स होती आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहते, हे शोधायला चार महिने लागले. प्राध्यापकांचं पत्र मी सुलभाताईंना कादंबरीच्या झेरॉक्ससोबत वाचायला दिलं होतं. ते वाचून झाल्यावर त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मला वाटलं आनंद झाला.

चोवीस नोव्हेंबरला चेक दिला. दहा डिसेंबरला पासबुक भरून आणलं, चेक वटलेला नाही. अठरा तारखेला परत गेले. नाही. बँकेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हातारी माणसं आहेत, टाकतील सावकाश." पण मला स्वस्थ बसवेना. माझा अनुभव असा की माणूस हातात आलेले पैसे घेत नसेल तर कुठेतरी काहीतरी चुकलेलं असतं. संमतिपत्रात चूक आहे का, चेकवर नाव चुकलं का, म्हणून मी झेरॉक्स तीनदा तपासली. सुलभाताईंना फोन करावा तर विचारायचं काय? तुम्ही पैसे का घेत नाही?

सव्वीस डिसेंबरला छापखान्यातून तीनशे प्रती आल्या. मुखपृष्ठ छान, वर मोठ्या अक्षरांत लेखकाचं नाव. एक प्रत घरी नेली.

आमचे हे रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवतात. त्याआधी दहा वर्षं काकांच्या होडीवर होते. वाचायचा नाद नाही, पण बायकोने छापलेलं पुस्तक म्हणून घेऊन बसले. शुक्रवारी दुपारी जेवायला आले ते हसत.

"सुनंदा, यो लेखक कुठला गं?"

"दादरचा. का?"

"तरीच. पुनवेला सांजच्याला सहाला भरती आणलीय यानं. आन म्हने प्रेत वाहून गेलं. अगं, त्या वक्ताला चिखल असतो. प्रेत रुतून बसंल."

"गोष्ट आहे ती."

"गोष्ट हाय म्हनून समुद्र उलटा वाहील? वाढ."

मी वाढलं. जेवताना त्यांनी दुसरी कादंबरी सुरू केली, पान पुढ्यात, पुस्तक गुडघ्यावर. भात निवला. हात वाळला तरी उठेनात.

"मघाचा वाईट हाय म्हनून हा पन वाईट असं न्हाय हां," म्हणाले. "हा आपल्याकडला मानूस हाय."

"एकच माणूस आहे तो. दोन्ही त्याचीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाय. षष्ठीला साडेदहाला पानी पायरीपासून दोनशे पावलं लांब, बरोबर लिवलंय. याला कोनी विचारून लिवलेलं न्हाय हे. यानं उभं राहून बघितलंय."

हिशेब मलाही येतो. आमच्या किनाऱ्यावर पुनवेला आणि अवसेला भरती बारा-साडेबाराला, दिवसा आणि रात्रीही. पुढे रोज पाऊण तास उशिरा. म्हणून तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ निघते. षष्ठी म्हणजे साहा पाऊण साडेचार, तिथून सहा तासांनी ओहोटी, साडेदहा. मी कागद घेऊन बसले. 'शेवटची तर'मध्ये अकरा ठिकाणी तिथी आणि पाण्याची स्थिती आहे. अकराच्या अकरा बरोबर. 'जांभळ्या शाईचं पत्र'मध्ये तीन ठिकाणी आहे. तिन्ही चूक. एकच माणूस एका पुस्तकात अकरापैकी अकरा आणि दुसऱ्यात तीनपैकी शून्य आणत नाही. प्रुफं मी चार वेळा वाचली होती. वेलांट्या पाहिल्या, पाणी पाहिलं नाही.

त्या दुपारी मी वाचनालय अर्धा तास लवकर उघडलं आणि नोंदवहीचं ते पान काढलं. 'सदर' हे अक्षर ओळखीचं होतं. माझंच. मी नोकरीला लागले तेव्हा पहिलं काम मिळालं ते जुनी, वाळवी लागलेली नोंदवही नव्या वहीत उतरवण्याचं. जिथे लेखकाचा रकाना वाळवीने खाल्ला होता तिथे, पुस्तकं एकाच दिवशी घेतलेली, एकाच प्रकारची, एकाच बांधणीत दिसली, म्हणून मी 'सदर' लिहून मोकळी झाले होते. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि महिन्याभरात वही पूर्ण केली म्हणून माझं कौतुक झालं होतं.

नऊ दिवस राहिले होते. तीनशे प्रती छापलेल्या, पत्रिका वाटलेल्या, आणि बारा हजारांतले सहा हजार भलत्याच बाईला दिलेले.

ठाकूर सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हात्रेबाई, पुरावा काय? भरती?"

"हो सर."

"भरतीचा पुरावा कोणी मानेल का?"

"आपल्या गावात मानतील."

"पण मग खरा लेखक कोण?"

"माहीत नाही."

"म्हणजे ज्या बाईला आनंद झाला तिचा घ्यायचा काढून, आणि द्यायचा कोणाला, तर माहीत नाही." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग म्हणाले, "हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला कळणार आहे?"

"आमच्या ह्यांना कळलंय."

"मग झालं. तो रिक्षा चालवतो." ते उठले. "घोळ तुम्ही घातलात, तुम्हीच निस्तरा. पाच तारखेच्या आत."

शनिवारी सकाळी मी मूळ पुस्तक पिशवीत घालून कासमभाईकडे गेले. त्याचं आता पंच्याऐंशीच्या पुढे वय. काम बंद केलंय, पण ओट्यावर त्याची पाटी, शिवणीचा दाभण, सगळं जागच्या जागी. पुस्तक हातात घेतल्याबरोबर म्हणाला, "हा माझा टाका."

"कासमभाई, यातल्या दुसऱ्या पुस्तकाचं पहिलं पान तुम्ही टाकून दिलंत का? नावाचं पान?"

"टाकला?" त्याला राग आला. "बाई, छापलेला कागद मी कवा टाकला नाय. पायाखाली आला तर गुन्हा. आनि पुठ्ठा काय फुकट मिलायचा? चार-पाच कागद खळीनं एकावर एक चिकटवले की पुठ्ठा. यांच्या वेष्टनांचाच यांचा पुठ्ठा हाय." त्याने मागच्या बाजूवर बोटाने टकटक केलं. "हितं असल. नाय तर पुढं."

"काढता येईल?"

"येल. फाटला तर माझ्यावर नको."

ते पुस्तक वाचनालयाची मालमत्ता होती. उघडायला समितीची मंजुरी लागते. ती मी घेतली नव्हती, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मी मंजुरीशिवाय एखादी गोष्ट केली. कासमभाईने ओलं फडकं मागच्या पुठ्ठ्यावर पसरलं आणि आतून चहा मागवला. खळीत तो मोरचूद घालायचा, म्हणून वाळवी पुठ्ठ्याला लागली नव्हती, असं तो मला सांगत राहिला. मी घड्याळाकडे पाहत होते. पंचवीस मिनिटांनी त्याने हाडाची सुरी घातली. एकेक थर सोडवत गेला. पहिला थर, कुठल्याशा दिनदर्शिकेचं पान. दुसरा, 'जांभळ्या शाईचं पत्र'चं अर्धं वेष्टन. तिसरा थर निघाला आणि त्याने तो पाटीवर उलटा ठेवला.

"तुमी बघा. मला चष्मा लागतो."

वरचा डावा कोपरा गेला होता. बाकी स्पष्ट होतं. 'शेवटची तर. लेखक: ल. पां. नाखवा, तर कारकून, रेवदंडा.'

मी ते नाव मोठ्याने वाचलं. कासमभाई म्हणाला, "लक्ष्मन? तिकीट फाडायचा तो? त्याच्या तरीनं मी कागद आनायचो. कवा बोलला नाय लेकाचा."

रविवारी मी अलिबागला गेले. एसटीत मनात वाक्यं जुळवत होते, एकही चालेना. सुलभाताईंनी दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, "या. मला वाटलंच होतं तुम्ही याल."

मी सगळं सांगितलं. नोंदवही, माझं अक्षर, भरती, पुठ्ठा. माफी मागितली. त्या उठल्या आणि कपाटातून संमतिपत्राची प्रत आणली. तिला चेक टाचणीने लावलेला होता.

"मला पहिल्या पानालाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "बाबांना पाण्याची भीती होती. माझ्याकडे यायचे ते पेणवरून एसटीने. लाँचला कधी बसले नाहीत. ते तरीवर कादंबरी कशी लिहितील?"

"मग सही का केलीत, ताई?"

"तुमच्या प्राध्यापकांचं पत्र वाचलं म्हणून." त्यांनी चेकवरची टाचणी काढली, परत लावली. "घरात बाबांच्या पुस्तकांना सगळे हसायचे. आई रद्दीवाल्याला द्यायची. पहिल्यांदा कोणीतरी शहाण्या माणसाने लिहिलं होतं की हे चांगलं आहे. म्हटलं, थोडे दिवस असू दे. चेक बँकेत टाकला असता तर चोरी झाली असती. न टाकता ठेवला, तर नुसतं खोटं. दोन चेक असते तर एक टाकला असता."

मग म्हणाल्या, "महिनाभर फोन वाजला की तुमचाच असेल अशी धास्ती वाटायची. तुम्हालाही?"

"पासबुक चारदा भरलं मी."

तेव्हा त्या जराशा हसल्या. चेक माझ्या हातात दिला. "बाबांच्या पुस्तकातली भरती दुरुस्त करून घेता येईल का हो?"

"नाही ताई. आता छापली."

"राहू दे मग. ते तसेच होते."

राहिला नाखवांचा वारस. त्याची चौकशी करायला आमच्या ह्यांना पाच मिनिटं लागली. लक्ष्मण नाखवा वारून तीस वर्षं झाली होती. मुलगा एकच, हरिश्चंद्र, वय साठीच्या आसपास, स्वतःची होडी. तीस तारखेला सकाळी अकरा वाजता तो धक्क्याजवळ जाळं दुरुस्त करत बसला होता. मी ओळख सांगितली, नावाचं पान दाखवलं.

"आमच्या बापानं पुस्तक लिवलं?" तो म्हणाला. "न्हाय वो. तो चोपडीत भरतीच्या वेळा लिवायचा. रोज. आय बोलायची, पानी काय तुझ्या चोपडीत बघून येतं काय."

मी सुलभाताईंचं आणि मानधनाचं सांगितलं. त्याने जाळं खाली ठेवलं.

"मेलेल्याच्या नावावर लोक मागायला येतात बाई. द्यायला येनारी तुमीच पयली. कशाचे पैशे?"

"छापायच्या परवानगीचे."

"छापलाव ना? मंग मी न्हाय बोललो तर?"

तो न्हाय बोलला तर तीनशे प्रती गोदामात, देणगीदाराला जबाब, आणि ठाकूर सरांसमोर मी. मी खरं ते सांगितलं. "तर वाटता येणार नाहीत. मी चुकले आहे. माझ्या हाताने चुकले आहे."

"पुस्तक ठेवून जा. उद्या सांगतो."

एकतीस तारीख मला चांगली आठवते. दिवसभर मी कार्डं लावत होते आणि तीच कार्डं परत काढत होते. हरिश्चंद्र साडेचारला वाचनालयात आला, आधी कधी आला नसावा, कारण चपला बाहेर काढून आला. पुस्तक टेबलावर ठेवलं.

"षष्ठीचा पाठ सुनेकडनं दोनदा वाचून घेतला," म्हणाला. "बापच हाय. दुसरं कोन तेवढं बारीक बघनार? त्या बाईंना किती दिलाव?"

"सहा हजार देणार. तुम्हालाही सहा."

"पानं कोनाची जास्त?"

मी जुनं पुस्तक उघडलं. आंबर्डेकर शहाण्णव, नाखवा एकशे अठ्ठावीस. तो भांडत नव्हता, नुसतं विचारत होता. समान वाटणी ठरवताना मी पानं मोजली नव्हती, ही माझी दुसरी चूक. त्याच्यासमोर कागदावर गणित केलं. दोनशे चोवीस पानांचे बारा हजार. एकशे अठ्ठावीसचे सहा हजार आठशे सत्तावन्न रुपये चौदा पैसे, शहाण्णवचे पाच हजार एकशे बेचाळीस रुपये शहाऐंशी पैसे. पैसे जवळच्या रुपयाला.

"आता बरोबर," तो म्हणाला. सुलभाताईंना मी लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. मला आधीच्यापेक्षा हे चालेल."

अध्यक्षांना मी लेखी निवेदन दिलं. ते वाचून त्यांनी एकच शब्द बदलला, 'नजरचूक' खोडून 'चूक' केलं, आणि खाली सही केली. मला वाटतं, त्यांनीही शाळेत एवढी वर्षं लाल शाई वापरली होती ती उगाच नाही.

दुरुस्तीच्या सहाशे चिठ्ठ्या छापल्या, तीनशे मुखपृष्ठासाठी, तीनशे आतल्या पानासाठी. मुखपृष्ठावरच्या चिठ्ठीत 'व ल. पां. नाखवा' एवढंच. आतल्या चिठ्ठीत माझ्या नावानिशी चूक कबूल केली आहे. चार जानेवारीला सुलभाताई सकाळच्या एसटीने आल्या, न बोलावता. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी चिठ्ठ्या चिकटवत होतो. मुखपृष्ठाच्या त्यांनी घेतल्या. प्रत्येक प्रतीवर वडिलांच्या नावाच्या बरोबर खाली, सरळ रेषेत, पट्टी ठेवून. एकही वाकडी गेली नाही.

प्रकाशनाला एक्याण्णव माणसं होती. प्राध्यापकांनी भाषणात नाखवांच्या कारकुनाबद्दल वीस मिनिटं सांगितलं आणि आंबर्डेकरांबद्दल तीन. सुलभाताई पहिल्या रांगेत होत्या. ती तीन मिनिटं त्यांनी मान खाली घालून ऐकली. मी तेव्हा त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. पुस्तक शोधून काढल्याचा मला अभिमान आहे, पण एका माणसाला वर आणताना दुसऱ्याला खाली बसवावं लागलं, आणि तो दुसरा माझ्याच आमंत्रणाने आला होता. हे अजून मनातून जात नाही. कपाटात अजून एकशे चौदा जोडबांधणीची पुस्तकं आहेत. सदर लिहिलेले रकाने मी मोजले आहेत, एकोणतीस. कासमभाई म्हणतो, आणा एकेक. त्याचं वय पाहता मला घाई आहे.

जुना चेक रद्द करून मी दोन नवीन लिहिले. पाच हजार एकशे त्रेचाळीस रुपये, सुलभा गोविंद आंबर्डेकर यांना. या वेळी चौथ्या दिवशी वटला. कासमभाईला पुठ्ठा उघडण्याचे आणि परत बांधण्याचे मिळून चारशे, त्याने तीनशेच घेतले. चिठ्ठ्यांचे नऊशे रुपये मी माझ्या पगारातून भरले. ते मला परत द्यावेत असा ठराव समितीत आला तेव्हा मी विरोध नोंदवला. आणि सहा हजार आठशे सत्तावन्न रुपये, हरिश्चंद्र लक्ष्मण नाखवा यांना. पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लावावं लागतं. ते वाचनालय लावतं, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बापाच्या नावाचा कागद हाय. तिकीट माझं." त्याने रुपया टेबलावर ठेवला. मी तो घेतला, आणि त्याची पावती फाडून त्याला दिली.